जुन्या नावाची नवी गाडी घेताय? आधी खाली झोपा

शहाद्याला आमच्या अंगणात आप्पांची महिंद्राची जुनी जीप, एमएम 540, अजून उभी आहे. पपईच्या वावरात जाते, तोरणमाळचा घाट चढते आणि बसणाऱ्याची कंबर मोडते. त्यामुळे जुनी गाडी नव्या कपड्यांत आली की ती चिखलात चालेल का, हे बघायला नातेवाईक मला शोरूमला घेऊन जातात. जाताना मी तीन वस्तू सोबत ठेवतो : गोणपाट, मोजपट्टी आणि पाच फुटी फळी.

सारंगखेड्याच्या यात्रेत जाणता माणूस घोड्याची आयाळ शेवटी पाहतो, आधी खूर उचलतो. तसंच गोणपाट अंथरून गाडीखाली सरका. शिडीसारखी वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, आहे, की बॉडी आणि तळ एकसंध? गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे एक आणि पुढच्या चाकांकडे दुसरा, असे दोन दांडे दिसतात का? नावावर जाऊ नका. 1991 ची टाटा सिएरा 2025 च्या शेवटी परत आली. काचेची ती जुनी ऐट आठवून आमच्या पिढीचे डोळे पाणावले, पण आली ती पुढच्या चाकांच्या ओढीवर. हायवेला छान, चिखलासाठी नाही. महिंद्राची थार 2020 मध्ये नव्याने आली ती वेगळी चॅसी आणि लो रेंज, म्हणजे जास्त जोराचे हळू गिअर, यांसकट, पण 2023 पासून तीच थार नुसत्या मागच्या चाकांवरही मिळते. बाहेरून दोन्ही सख्ख्या बहिणी. म्हणून बुकिंगच्या कागदावर फोर बाय फोर (चारही चाकांना जोर) लिहिलंय ना, ते वाचूनच सही करा.

आता फळी. तिचं एक टोक पुढच्या टायरच्या पुढ्यात जमिनीवर टेकवा, दुसरं बंपरला लागेपर्यंत उचला आणि मोबाईलमधल्या लेव्हलने कोन बघा. थारचा साधारण 42 अंश भरतो, मारुतीच्या जिम्नीचा 36. मागेही असंच मोजा. पोटाचा कोन मात्र फळीने मोजता येत नाही, तिथे मोजपट्टीने पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर बघायचं. तीन दारांची थार 2450 मिमी, पाच दारांची जिम्नी 2590, पाच दारांची थार रॉक्स 2850. घरच्यांना पाच दारं हवी असतात, मलाही हवीत, पण पाटाचा बांध ओलांडताना लांब गाडीचं पोट आधी टेकतं.

यानंतर छोटा दांडा, म्हणजे 4 एल. लो रेंजमध्ये गाडी हळू चालते, पण चाकाला जोर कितीतरी जास्त मिळतो. गाडी थांबवून तो स्वतः टाकून बघा. क्लच सोडल्यावर ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी मुंगीच्या चालीने उतार उतरली पाहिजे. फक्त कोरड्या डांबरावर वळणं घेत हा खेळ करू नका. पुढची-मागची चाकं एकाच वेगाला बांधलेली असतात, वळणावर ती एकमेकांशी भांडतात आणि मार गिअरला बसतो.

डिफरन्शिअल लॉकबद्दल सेल्समनला खोदून विचारा. डिफरन्शिअल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअर. साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक हवेत गेलं की तेच गरगर फिरतं आणि जमिनीवरचं गप्प बसतं. जिम्नी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्याकडे वळवते. थारच्या काही व्हेरियंटमध्ये मागे यांत्रिक लॉक मिळतं, सगळ्यांत नाही. ओळखायचं कसं? बांधावर गाडी तिरकी चढवा. तिरप्या रेषेत समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं हलकी झाली की खरं-खोटं लगेच कळतं.

आपल्या काळ्या मातीपुढे मात्र हे सगळं टायरवर येऊन थांबतं. ओली रेगड टायरच्या खाचांत भरते आणि चाकाचं लाटणं होतं. मग लॉक काय करणार? खाचा रुंद हव्यात, आणि रिम लहान. 245/75 आर 16 टायरची भिंत सुमारे 184 मिमी, 255/65 आर 18 ची 166. भिंत जास्त असली की हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवून टायर पसरवता येतो. बाहेर आल्यावर हवा परत भरायला छोटा कॉम्प्रेसर गाडीतच ठेवा. मोठ्या रिमवर फोटो चांगला येतो, एवढंच.

पाण्याचं थोडक्यात : थारसाठी कंपनी 650 मिमी सांगते, ते साचलेल्या पाण्यासाठी. गोमाईला पूर असेल तर फरशी पुलावर घालायचीच नाही, गाडी कुठलीही असो. पुढे-मागे चॅसीला बांधलेले ओढण्याचे हूक आणि पूर्ण मापाची स्टेपनी आहे का, तेही बघून ठेवा.

जुनं सगळंच परत यावं असं नाही बरं का. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा एसी हवाच, आणि पाट्यांच्या स्प्रिंगचे हादरे आता आईला झेपत नाहीत. सनरूफ मात्र धुळीच्या मुलखात कोणाला उघडायचंय? त्यापेक्षा धुता येणारा रबरी तळ आणि चिखलाच्या हाताने फिरवता येतील अशी बटणं द्या.

शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला हायवेवर नेतील. "भाऊ, गाडी तं भारी शे, पन चिखलमा जाई का?" असं विचारलं की ते हसतात. मग तीच गाडी आधी घेतलेला कोणी ओळखीचा शोधा, हिवाळ्यात त्याला वावरात भरीत आणि कळण्याच्या भाकरीचं आवतण द्या. आदल्या दिवशी त्या वावराला पाणी भरून ठेवा, आणि ट्रॅक्टर कुठे दूर पाठवू नका.