बर्लिनमध्ये टपाल येत नाहीये? माझा अनुभव

आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करून पाच आठवडे झाले, तरी कर-क्रमांकाचं पत्र नाही, बँकेच्या कार्डाचा पिनही नाही. तो 11 अंकी क्रमांक नसल्यामुळे पगारातून सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापला गेला. पिन दोनदा मागवला, पत्ता अक्षर न् अक्षर तपासला. रोज रिकामी पेटी बघून रडू यायचं.

पत्ता बरोबरच होता. पण इथे पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर परत पाठवतो. आमच्या पेटीवर फक्त घरमालकीणबाईंचं नाव होतं.

आधी त्यांची परवानगी घेतली. मग पासपोर्टवरच्याच स्पेलिंगचं आडनाव छापून त्यांच्या नावाखाली पेटीवर आणि खालच्या दाराच्या घंटीवर लावलं. वर पारदर्शक टेप हवीच, पावसात शाई ओघळते. त्यानंतरच केंद्रीय कर कार्यालयाच्या ऑनलाइन फॉर्मवरून क्रमांक पुन्हा मागवला (फोनवर किंवा ईमेलने तो देत नाहीत), आणि बँकेकडून पिन. पिन आठवड्यात आला, क्रमांक तीन आठवड्यांनी. तो ऑफिसात दिला आणि जास्तीचा कर पुढच्या पगारात परत मिळाला.