वऱ्हाडी बोली यंत्राला शिकवायची तर

फोनवर प्रमाण मराठी बोललं की बोलणं ऐकून लिहिणाऱ्या यंत्राला बरंचसं कळतं. "मले काऊन नाई सांगतलं?" म्हटलं की ते अडखळतं, कारण शिकताना हे बोलणं त्याच्या कानावर पुरेसं पडलेलं नसतं. गावातल्या चार-पाच जणांना ती उणीव भरून काढता येते.

आधी माणसं ठरवा. 5 जणांचे 10 तास घेण्यापेक्षा 50 जणांची 12-12 मिनिटं घ्या; तास तेवढेच, आवाज दहापट. निम्म्या बाया हव्यात, साठीपुढचे हवेत, अकोला-बुलढाण्याकडचे आणि यवतमाळकडचेही हवेत. वेचणीच्या दिवसांत बाया दिवसभर वावरात असतात, म्हणून संध्याकाळी जा आणि वेळेची मजुरी द्या. रेकॉर्डिंग कशासाठी, कुणाकडे जाणार, नंतर काढून टाकता येईल का, हे वऱ्हाडीतच सांगून होकार रेकॉर्ड करा. नावांची यादी वेगळी ठेवा, फाइलला फक्त क्रमांक द्या.

छापील वाक्य हातात दिलं की माणूस पुस्तकी बोलतो. त्यापेक्षा प्रश्न विचारा: "कपाशीवर अळी आली तं तुमी काय करता?" विचारणाराही वऱ्हाडी बोलणारा हवा.

रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमध्ये हे निवडा: डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी फाइल), मोनो, 16 किलोहर्ट्झ, 16 बिट. तासाला साधारण 115 एमबी जागा लागते. फोन तोंडापासून वीतभर, जरा बाजूला धरा, म्हणजे श्वास माइकवर आदळत नाही. कूलर, पंखा बंद. टिनाच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गाद्या-गोधड्यांची किंवा कापूस भरून ठेवलेली खोली उत्तम. थोडं रेकॉर्डिंग मात्र मुद्दाम ओसरीवर करा, लोक फोनवर तिथूनच बोलतात. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजवर रेकॉर्ड करू नका, त्यात फाइल लहान करायला आवाजातले बारकावे गाळले जातात.

काम सर्वांत जास्त बिघडतं ते लिहून काढताना. शिकलेला हात "मले" ऐकतो आणि "मला" लिहितो. मग यंत्र "ले" हा आवाज "ला" म्हणून शिकतं आणि "मले" त्याला कधीच लिहिता येत नाही. जसं ऐकलं तसंच लिहा. प्रमाण रूप हवंच असेल तर दुसऱ्या रकान्यात. कीबोर्डची आपोआप दुरुस्ती बंद करा. "रायलो" की "ऱ्हायलो", हे सुरुवातीलाच ठरवून एका कागदावर उतरवा. एका तासाच्या रेकॉर्डिंगला लिहायला सहा-आठ तास धरा. तपासणारा दुसरा हवा.

एक बारकावा हमखास सुटतो. "वऱ्हाड" मधला अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) दोन प्रकारे टाइप होतो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना सारखं, यंत्राला दोन वेगळे शब्द. शोधा-बदला करून सगळीकडे एकच प्रकार ठेवा.

गोंडी, कोलामी, कोरकू यात मिसळू नका. त्या मराठीच्या बोली नाहीत: पहिल्या दोन द्राविडी, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. त्यांच्या रेकॉर्डिंगचा संच वेगळा, आणि लिपी कोणती हे बोलणाऱ्यांनी ठरवायचं. गोंडीसाठी देवनागरीखेरीज मसराम गोंडी (युनिकोडमध्ये 2017) आणि गुंजाळा गोंडी (2018) या लिप्याही आहेत.

50 पैकी 10 जण चाचणीसाठी पूर्ण बाजूला ठेवा; त्यांचं एकही वाक्य शिकवण्यात नको, नाहीतर यंत्र ओळखीच्या आवाजावर पास होतं. यंत्राने लिहिलेल्यातले चुकलेले, गाळलेले आणि जास्तीचे शब्द मोजा, माणसाने लिहिलेल्या एकूण शब्दांनी भागा. हा आकडा बाया, म्हातारी माणसं आणि प्रत्येक तालुका यांचा वेगवेगळा काढा; सरासरीत म्हाताऱ्यांच्या चुका झाकल्या जातात. ज्या गटाच्या चुका जास्त, पुढचं रेकॉर्डिंग त्याच गटाचं.