पाऊस ओसरण्याआधी: कॉफीच्या मळ्यात चुना टाकण्याची तयारी

कर्नाटकातल्या चिकमगळूर, कोडगू, हासन या पट्ट्यात कॉफीला, मातीची आम्लता कमी करण्यासाठी, चुना द्यायची चांगली संधी वर्षातून एकदाच येते. नैऋत्य मोसमी पाऊस ओसरलेला असतो, जमिनीत ओल असते पण पाणी वाहत नसतं, आणि अरेबिकाची (कॉफीच्या दोन मुख्य प्रकारांपैकी एक, दुसरा रोबस्टा) तोडणी अजून सुरू व्हायची असते. साधारण ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा एवढाच हा काळ. फळं लाल व्हायला लागली की सगळी माणसं तोडणीला जुंपली जातात आणि चुन्याच्या गोण्या गोदामात तशाच राहतात. त्यामुळे ऑक्टोबरच्या कामाची तयारी फेब्रुवारीतच सुरू करावी लागते. ती ज्या क्रमाने करायची त्या क्रमानेच इथे सांगतो आहे.

देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत शेती केलेल्यांना हे सगळं उलटं वाटेल. तिथे सामू (पीएच; सातच्या खाली माती आम्ल, वर विम्ल) आठच्या पुढे जातो याची काळजी असते. इथल्या लाल, जांभ्याच्या जमिनीवर वर्षाला २००० ते २५०० मिलिमीटर आणि घाटाकडे त्याहूनही पुष्कळ पाऊस पडतो, आणि तो कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅश) धुऊन नेतो, म्हणून माती आम्ल होत जाते. कोकणातल्या बागायतदाराला ही जमीन ओळखीची आहे. कॉफीला थोडी आम्ल जमीनच मानवते. सामू ६ ते ६.५ असला की उत्तम. तो ५.५ च्या खाली उतरू लागला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांना जाचतं, आणि आपण दिलेलं स्फुरद (फॉस्फरस) लोह व ॲल्युमिनियम धरून ठेवतात. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, तेव्हा ६ आणि ५ यांतला फरक वरवर दिसतो तेवढा लहान नाही.

पहिलं काम मातीच्या नमुन्यांचं. तोडणी संपून फुलोऱ्याच्या पावसाची वाट पाहायचे दिवस आले, की फेब्रुवारी-मार्चमध्ये, पुढचं खत पडायच्या आत नमुने काढा. मळा एक असला तरी माती एक नसते. माथ्यावरचा उतार, खालचा ओढ्याकाठचा सखल भाग, जुनी अरेबिका, नवी लागवड, रोबस्टाचा ब्लॉक, प्रत्येकाचा नमुना वेगळा हवा. ज्या ब्लॉकला वर्षानुवर्षं निराळं खत दिलं गेलं आहे तोही वेगळा धरा. कोणत्या ब्लॉकला कधी काय पडलं ते जुन्या मेस्त्रीला विचारा. वहीत नसलेल्या कितीतरी गोष्टी त्यांच्या लक्षात असतात. सगळ्या मळ्याची माती एकत्र कालवून काढलेला एकच सामू मला निव्वळ घातक वाटतो. माथ्यावर ४.८ आणि खाली ६.३ असेल तर सरासरी साडेपाचच्या आसपास दिसते. त्या आकड्यावर चुना टाकला तर वरची झाडं अर्धपोटी राहतात आणि खालच्यांना नको असताना चुना मिळतो. पैसे वाचवायचे असतील तर चुन्यात वाचवा, नमुन्यांत काटकसर नको.

नमुना काढताना घाई करू नका. ब्लॉकमध्ये नागमोडी चालत दहा-पंधरा जागा निवडा. झाडाच्या बुंध्यापासून दूर, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे पालापाचोळा हाताने बाजूला सारा. तो नमुन्यात आला की आकडे फसवे येतात. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा नऊ इंच खोल खड्डा खणा आणि त्याच्या एका बाजूचा बोटभर जाडीचा काप वरपासून तळापर्यंत उतरवून प्लास्टिकच्या घमेल्यात घ्या. तांबं-जस्ताचीही तपासणी करायची असेल तर जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं किंवा पितळी भांडं वापरू नका. खताचा ढीग, कंपोस्टचा खड्डा, पायवाट, चर, सिल्व्हर ओकचा बुंधा यांच्याजवळ खणू नका. सगळी माती कागदावर पसरून ढेकळं फोडा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवा. पिशवीत एक आणि पिशवीबाहेर एक अशा दोन चिठ्ठ्या लावा. त्यांवर ब्लॉक, जात, झाडांचं वय, याआधी चुना कधी दिला आणि तारीख लिहा.

खड्डा खणलाच आहे तर मुळंही पाहून घ्या. पाचोळ्याखाली पांढऱ्या तंतुमुळांचं जाळं दिसलं तर चिंता कमी. टोकं जाड, तपकिरी, आखूड झालेली आणि बारीक फाटे जवळजवळ नाहीतच असं असेल तर ॲल्युमिनियमचा संशय घ्या आणि त्या ब्लॉकची वेगळी नोंद ठेवा.

नमुने प्रयोगशाळेत देताना नुसता सामू मागू नका, चुन्याची गरजही काढून मागा. सामू मातीतल्या पाण्यात त्या घडीला असलेली आम्लता दाखवतो. मातीच्या कणांना चिकटून बसलेली राखीव आम्लता बफर नावाचं खास द्रावण वापरून मोजावी लागते आणि चुन्याचा हिशोब तिच्यावरच बसतो. दोन ब्लॉकचा सामू ५.२ असा सारखाच आला, तरी चिकणमाती आणि सेंद्रिय अंश जास्त असलेल्या ब्लॉकला रेताड ब्लॉकपेक्षा कितीतरी जास्त चुना लागतो. बाळेहोन्नूरच्या मध्यवर्ती कॉफी संशोधन संस्थेला कॉफीच्या जमिनींचा १९२५ पासूनचा अनुभव आहे. जवळपास असाल तर अहवाल घेऊन तिथे बसा आणि समजत नाही तो प्रत्येक आकडा विचारून घ्या. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आकडे आवर्जून पाहा, कारण माल कोणता घ्यायचा ते त्यांवर ठरतं.

मॅग्नेशियम कमी असेल तर डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेली चुनखडी, घ्या. पुरेसं असेल तर साधी दळलेली चुनखडी चालते आणि सहसा स्वस्तही पडते. कळीचा चुना आणि विरलेला चुना हे दोन्ही जोरकस असतात. शुद्ध चुनखडीची आम्लता मारण्याची ताकद १०० धरली तर विरलेल्या चुन्याची सुमारे १३५ आणि कळीच्या चुन्याची १७९ भरते. पण ते डोळे-कातडी भाजतात आणि मात्रा जरा चुकली की नुकसान करतात, म्हणून उभ्या मळ्यात मी चुनखडी किंवा डोलोमाइटच सुचवेन. जिप्समने सामू वाढत नाही, हे देशावरून आलेल्यांनी पक्कं ध्यानात ठेवावं. त्यातलं कॅल्शियम खोल उतरतं आणि खालच्या थरातल्या ॲल्युमिनियमचा जाच थोडा कमी करतं, एवढाच त्याचा इथे उपयोग.

माल घेताना विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: न्यूट्रलायझिंग व्हॅल्यू (शुद्ध चुनखडीच्या तुलनेत आम्लता मारण्याची ताकद) किती आणि दळण किती बारीक. साठ मेशच्या (इंचाला साठ भोकांच्या) चाळणीतून पडणारी भुकटी साधारण वर्षभरात कामाला येते. जोंधळ्याएवढी खडी वर्षानुवर्षं मातीत तशीच पडून राहते. स्वस्त गोणीत अर्धी खडीच निघाली तर ती स्वस्त कसली? मूठभर माल चाळून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. मागणी सप्टेंबरमध्ये नोंदवा, गाडी रस्ते वाहते झाल्यावर बोलवा, आणि गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचा.

आता हिशोब. समजा अहवालात एकरी ८०० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लिहिलं आहे आणि तुमच्या मालाची न्यूट्रलायझिंग व्हॅल्यू ८० टक्के आहे. ८०० ला ०.८ ने भागा, म्हणजे १००० किलो माल लागेल. सहा बाय सहा फुटांवरची अरेबिका एकरी सुमारे १२१० झाडं, तेव्हा झाडामागे साधारण ८२५ ग्रॅम. दहा बाय दहावरची रोबस्टा एकरी ४३५, तिला झाडामागे २.३ किलो. पण माणसांच्या हातात वजनकाटा नसतो. म्हणून एक डबा घ्या, त्यात हाच माल भरून वजन करा, जिथे मात्रा बरोबर भरते तिथे रंगाची रेघ ओढा, आणि तसे डबे प्रत्येकाला द्या. माल बदलला की रेघही बदला. मात्रा फार मोठी येत असेल तर ती दोन वर्षांत विभागून द्या. चुना एकदम जास्त झाला तर जस्त, बोरॉन, मँगनीज, लोह झाडाला मिळेनासं होतं, आणि ते निस्तरणं आम्लता सावरण्यापेक्षा अवघड असतं.

पुढचं काम कॅलेंडरवर करायचं. चुना आणि पावसाळ्यानंतरचं खत यांच्यात किमान महिनाभराचं अंतर ठेवा. अमोनियाची खतं किंवा युरिया चुन्याबरोबर पडला तर नत्र (नायट्रोजन) हवेत उडून जातं, आणि सुपर फॉस्फेटचं स्फुरद कॅल्शियममध्ये अडकतं. रॉक फॉस्फेट वापरत असाल तर ते विरघळायला आम्लताच लागते, म्हणून ज्या ब्लॉकला चुना त्याला त्या हंगामात रॉक फॉस्फेट नको. राइटरच्या (मळ्यावरच्या कारकुनाच्या) वहीत ब्लॉकवार तारखा आधीच लिहून ठेवा, म्हणजे एका बाजूने चुना आणि दुसऱ्या बाजूने खताची गाडी असं होणार नाही.

याच वेळी खताच्या यादीकडेही डोळसपणे पाहा, कारण निम्मी आम्लता आपणच विकत आणत असतो. एक किलो नत्र युरियातून दिलं तर त्याने वाढलेली आम्लता मारायला सुमारे १.८ किलो चुनखडी लागते. तेच अमोनियम सल्फेटमधून दिलं तर पाच किलोंच्या वर. आम्ल ब्लॉकला अमोनियम सल्फेट देत राहायचं आणि दर दोन वर्षांनी चुन्याचं बिल भरायचं, हा व्यवहार मला मुळीच पटत नाही. तिथे कॅल्शियम अमोनियम नायट्रेटचा विचार करा. चुलीची, बॉयलरची राख असेल तर तीही आम्ल ब्लॉकलाच जाऊ द्या. तिच्यात पालाश आहे आणि ती सामूही थोडा उचलते.

टाकायच्या दिवसाची तयारी छोटी आहे. मास्क, चष्मे, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे सदरे, पिण्याच्या पाण्याबरोबर डोळे धुवायला वेगळं स्वच्छ पाणी. वाऱ्याचा दिवस टाळा. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर थांबा, कारण उतारावरचा चुना चरात वाहून जातो. पाचोळा सारून बुंध्याजवळची जागा सोडा, फांद्यांच्या घेराखाली सगळीकडे सारखा फेका, कुदळीने वरची माती हलकेच खाली-वर करा आणि पाचोळा पुन्हा ओढून घ्या. खोल खणू नका. अरेबिकाची खाणारी मुळं वरच्या फूटभरातच असतात. चुना स्वतःहून फार हळू खाली सरकतो, म्हणून ही हलकी खुरपणी वगळू नका. मिरीचे वेल त्याच घेरात असतील तर त्यांनाही हाच सामू मानवतो, वेगळं काही करावं लागत नाही. ज्या ब्लॉकचा सामू सहाच्या वर आहे तिथे डबा नेऊच नका, गोण्या उरल्या असल्या तरी.

चिखलदऱ्यात किंवा महाराष्ट्रात दुसरीकडे कॉफी लावणाऱ्यांनी वरच्या मात्रा उचलू नयेत. मेळघाटातला खडक बेसाल्टचा, पाऊस वेगळा, माती वेगळी. नमुना काढायची रीत आणि हिशोबाची पद्धत तेवढी घ्यावी, चुना लागतो की नाही हे तिथल्या अहवालाने ठरवावं.

शेवटी वहीत प्रत्येक ब्लॉकपुढे चार गोष्टी लिहा: आधीचा सामू, माल कोणता, झाडामागे किती, कोणत्या तारखेला. दोन-तीन वर्षांनी पुन्हा नमुने काढाल तेव्हा ते फेब्रुवारी-मार्चमध्येच काढा, कारण ऋतूप्रमाणे सामू थोडा हलतो आणि पावसाळ्यातला आकडा उन्हाळ्यातल्या आकड्याशी जुळत नाही.