साठ पत्त्यांचा डबा: गावच्या वाचनालयात मुलांची कार्ड-लीग चालवताना

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. गेली चार वर्षे दर रविवारी दुपारी तीन ते साडेपाच या वेळात वाचनकक्षातली टेबले सरकवून आम्ही सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी पोकेमॉन या ट्रेडिंग कार्ड गेमची, म्हणजे कार्डे जमवायची, एकमेकांत बदलायची आणि त्यांनी सामने खेळायचे अशा खेळाची, लीग भरवतो. आसपासच्या गावांतले पालक आणि शिक्षक हे कसे सुरू करावे असे अधूनमधून विचारतात, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. जिंकणाऱ्या मुलाची चिंता लीग चालवणाऱ्याला करावी लागत नाही, कारण ते पुढच्या रविवारी वेळेआधीच दारात उभे असते. सलग तीन रविवार हरलेले मूल चौथ्या रविवारी येते की नाही, हे मात्र मी पहिल्या दिवसापासून वहीत टिपत आले आहे, आणि आमचे बहुतेक नियम त्या वहीतूनच निघाले आहेत.

पहिली अडचण खेळाची नव्हती, ‘पत्ते’ या शब्दाची होती. आपल्याकडे पत्ते म्हटले की पारावरची तीनपत्ती आठवते, आणि वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत नेमका तोच प्रश्न आला. मी उत्तरादाखल सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा संच टेबलावर ठेवला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा असे बारा पत्ते, म्हणजे एकूण १२० गोल पत्ते; दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्या हाती तो डाव सुरू करतो आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती तो. मंडळातल्या एका वयोवृद्ध सदस्यांनी लहानपणी घरी हा खेळ पाहिला होता आणि पुढची दहा मिनिटे तेच बोलत राहिले. चित्रे, क्रम आणि स्मरण यांवर उभा असलेला पत्त्यांचा खेळ आपल्या मातीत परका नाही, हे त्यांच्या तोंडून आल्यामुळे परवानगी मिळाली. अट एकच होती आणि ती मलाही हवी होती: प्रवेशशुल्क नाही, रोख बक्षीस नाही, पैशाचा कोणताही व्यवहार वाचनालयाच्या उंबरठ्याच्या आत नाही.

त्या अटीत मी स्वतःहून एक भर घातली. लीगमध्ये बूस्टर पाकिटे, म्हणजे नव्या कार्डांची बंद पाकिटे, बक्षीस म्हणून दिली जात नाहीत आणि कक्षात ती फोडूही दिली जात नाहीत. बंद पाकिटातून कोणती कार्डे निघतील हे कोणालाच माहीत नसते; आशेने पाकीट फोडायचे, हवे ते निघाले नाही म्हणून दुसरे मागायचे, हा प्रकार मला खेळापेक्षा सोडतीच्या जवळचा वाटतो. ज्याच्या घरी पाकिटांना पैसे नाहीत त्याने शेजाऱ्याचे पाकीट फुटताना पाहत बसावे, हे तर मला मुळीच मान्य नाही. आमच्याकडे बक्षीस म्हणून कार्डांसाठीच्या पारदर्शक पिशव्या मिळतात, आणि त्या हजेरीवर मिळतात, विजयावर नाही.

ज्यांना खेळ अजिबात ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अशा खेळांची सुरुवात १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’पासून झाली आणि पोकेमॉनचा कार्ड गेम १९९६ मध्ये जपानात आला. प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा ६० पत्त्यांचा डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, असतो. पोकेमॉनना हल्ल्यासाठी लागणारी मूलभूत ऊर्जेची कार्डे सोडली तर एका नावाची चारपेक्षा जास्त कार्डे त्यात चालत नाहीत. सुरुवातीला सात पत्ते हातात घ्यायचे आणि सहा पत्ते बक्षीस म्हणून पालथे ठेवायचे. समोरच्याचा पोकेमॉन, म्हणजे कार्डावरचा काल्पनिक प्राणी, हल्ला करून बाद केला की साधारणपणे आपल्या बक्षिसांतला एक पत्ता उचलायचा. सहाही आधी उचलील तो जिंकला. समोरच्याचा एकही पोकेमॉन मैदानात उरला नाही किंवा त्याची पाळी आल्यावर ओढायला त्याच्या डेकमध्ये पत्ताच शिल्लक नसला, तरीही डाव संपतो. एवढे कळले की टेबलाशी बसता येते. बाकीचे खेळता खेळता कळते.

माझी पहिली मोठी चूक अशी की ‘आपापला डेक घेऊन या’ अशी सूचना मी फलकावर लावली. आलेल्या अकरा मुलांपैकी चौघांकडे पूर्ण डेक होता, उरलेल्यांकडे रबर लावलेले गठ्ठे होते, आणि त्या चौघांनी उरलेल्या सातांना दीड तासात नामोहरम केले. पुढच्या रविवारी पाचच मुले आली. जुन्या आणि नव्या कार्डांच्या ताकदीत किती अंतर आहे हेही मला तेव्हा माहीत नव्हते. इंग्रजीतल्या पहिल्या संचातल्या चॅरिझार्ड या पोकेमॉनला १२० गुणांचे आयुष्य होते, म्हणजे तेवढी इजा झाली की तो बाद, तर २०२३ मध्ये आलेल्या ‘चॅरिझार्ड ईएक्स’ला ३३० गुणांचे आहे. मोठ्या भावाची जुनी कार्डे घेऊन आलेल्या मुलाने कितीही विचार करून खेळले तरी अशा कार्डापुढे त्याचा टिकाव लागणे अवघड असते.

म्हणून आम्ही ग्रंथालयाचीच रीत वापरली. साध्या, सहज मिळणाऱ्या कार्डांचे आठ डेक मी दोन मोठ्या मुलांच्या मदतीने बांधले, ते एकमेकांविरुद्ध वारंवार खेळवून पाहिले, जो फार जिंकत होता त्यातली दोन-तीन कार्डे काढली आणि जो फार हरत होता त्यात घातली. प्रत्येक डेक स्टीलच्या डब्यात ठेवून डब्याला दाखलअंक दिला, आणि पुस्तकासारखी देवघेवीच्या नोंदवहीत सही करून तो आठवडाभर घरी नेता येतो. पहिले दोन महिने प्रत्येक नवे मूल, त्याच्याकडे स्वतःचा कितीही भारी डेक असला तरी, वाचनालयाच्याच डब्याने खेळते. नवी लीग सुरू करणाऱ्याने जवळ असलेले पैसे आकर्षक फलक आणि चषक यांवर घालवण्यापेक्षा अशा समतोल डेकांवर खर्च करावेत, असे मी आग्रहाने सांगेन. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी आम्ही आणखी लहान डाव ठेवतो: ३० पत्ते आणि तीन बक्षिसे. त्यांचा डाव वीस मिनिटांत आटोपतो आणि हरलेल्याला लगेच दुसरा मिळतो.

कार्डांवरचा मजकूर इंग्रजीत असतो आणि आमची बहुतेक मुले मराठी माध्यमातली आहेत. मी सुरुवातीला प्रत्येक कार्डाचे भाषांतर करू लागले, पण ते काम संपणारे नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. या खेळातली क्रियापदे मोजकी आहेत, तेव्हा त्यांचाच एक तक्ता करून भिंतीवर लावला: ओढणे, टाकणे, पिसणे, जोडणे, शोधणे, उलगडून दाखवणे, बाकावर (मैदानातल्या राखीव जागेत) बसवणे. नाण्याला छापा-काटा हा शब्द होताच. दोन महिन्यांत मुले इंग्रजी ओळीतले ओळखीचे क्रियापद पकडून उरलेला अर्थ लावू लागली. इजा मोजण्यासाठी चिंचोके उत्तम चालतात, एक चिंचोका म्हणजे दहा. नाण्याऐवजी मात्र कवडी वापरू नये. कवडीच्या दोन बाजू सारख्या वजनाच्या नसतात, त्यामुळे ती उपडी आणि उताणी सारख्याच वेळा पडत नाही, आणि हे आमच्या एका सहावीतल्या मुलीने शंभर वेळा कवडी टाकून मला दाखवून दिले.

जोड्या लावताना बाद पद्धत कधीही वापरू नये. हरला की बाहेर हा नियम लावला तर निम्मी मुले अर्ध्या तासात मोकळी होतात, आणि मोकळी मुले एकतर दंगा करतात किंवा घरी जातात. आम्ही बुद्धिबळातली स्विस पद्धत वापरतो. १८९५ साली झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती प्रथम वापरली गेली. तिच्यात कोणीही बाद होत नाही. प्रत्येक फेरीत सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते, आणि दोन फेऱ्या हरलेल्या मुलापुढे तिसऱ्या फेरीत दोन फेऱ्या हरलेलेच मूल येते. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. आठ मुले असतील तर तीन फेऱ्यांत आणि सोळा असतील तर चार फेऱ्यांत सर्व फेऱ्या जिंकलेला जास्तीत जास्त एकच उरतो, एवढे गणित पुरेसे आहे. संख्या विषम असली की एकाला जोडीदार मिळत नाही. त्याच्या खात्यावर नियमाप्रमाणे विजय जमा होतो, पण मुलाला तो विजय नको असतो, त्याला खेळायचे असते. अशा वेळी मी स्वतः त्याच्यासमोर बसते. ‘बाई, आज माका कोण गावतलो?’ हा प्रश्न दारातूनच येतो, आणि त्यात एका नावाबद्दल भीती असेल तर ती मला आवाजावरून कळते.

नकली कार्डांचा प्रश्न इथे फार मोठा आहे. जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानांत सोनेरी चकाकीची प्लास्टिकची कार्डे ढिगाने मिळतात आणि मुलांना ती खरी वाटतात. दुसऱ्या वर्षी एक मुलगा असा पूर्ण सोनेरी डेक घेऊन आला, तेव्हा टेबलावरच्या मुलांनी ‘नकली, नकली’ असा गलका केला. मी नियम समजावून सांगायला लागले, आणि तो सर्वांसमोर सांगण्याची ती वेळ नव्हती हे मला त्याचा चेहरा पाहिल्यावर कळले. तो पुन्हा आला नाही. दोन आठवड्यांनी मी त्याच्या घरी डबा क्रमांक ४ घेऊन गेले तेव्हा आला. आता पहिल्या दिवशी पालकांनाच बाजूला घेऊन ओळखण्याच्या खुणा दाखवते. खऱ्या कार्डाच्या दोन थरांमध्ये काळसर थर असतो, त्यामुळे दिव्यासमोर धरल्यावर प्रकाश फारसा आरपार येत नाही, नकलीतून तो बराच येतो. मागच्या निळ्या बाजूची छटा वेगळी असते. अक्षरांत चुका असतात. नकली कार्डे सामन्यात आणि अदलाबदलीत चालत नाहीत, पण घरी जपून ठेवायला कोणाची आडकाठी नाही.

अदलाबदल हा या खेळाचा प्राण आहे आणि भांडणाचे मूळही आहे. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा मुंबईची भावंडे जाड वह्या भरून कार्डे आणतात, आणि एका वर्षी गौरीविसर्जनाच्या आदल्या दिवशी आमच्या एका सात वर्षांच्या मुलाने आपले एकमेव दुर्मिळ चकाकते कार्ड वीस साध्या कार्डांवर देऊन टाकले. वीस हा आकडा त्याला मोठा वाटला. कळेपर्यंत समोरचे कुटुंब गाडीत बसून गेले होते. मी त्या वेळी कक्षात होते आणि पाहत नव्हते, म्हणजे जबाबदारी माझीच होती. तेव्हापासून अदलाबदलीसाठी वेगळे टेबल आहे, तिथे मोठे माणूस बसलेले असते, दोघांची नावे आणि कार्डे चिठ्ठीवर लिहिली जातात, आणि सात दिवसांच्या आत कोणीही विचार बदलला तर कार्डे परत होतात. सुट्टीवर आलेल्या मुलांची अदलाबदल पालक हजर असतानाच होते. दुर्मिळतेच्या खुणाही आम्ही शिकवतो, वर्तुळ म्हणजे साधे, चौकट म्हणजे कमी आढळणारे, तारा म्हणजे दुर्मिळ. पण ज्या कार्डाने तुझा डेक सुधारतो ते तुझ्यासाठी मोलाचे, हेही त्याच टेबलावर सांगते.

कोकणात कार्डांचा खरा शत्रू पाऊस आहे. चकाकत्या कार्डाचा कागदी थर हवेतली ओल शोषून फुगतो आणि वरचा चकाकीचा थर फुगत नाही, म्हणून कार्ड धनुष्यासारखे वाकते. हे केवळ दिसायला वाईट नाही. पालथ्या गठ्ठ्यात वाकलेले कार्ड दुरून ओळखू येते, म्हणजे ते खुणेचे कार्ड ठरते आणि प्रामाणिक मुलावरही संशय येतो. जून ते सप्टेंबर आम्ही सर्व कार्डे पारदर्शक पिशव्यांत घालून, घट्ट झाकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो आणि पुड्या दर महिन्याला बदलतो. पिशव्या घेताना ६३ बाय ८८ मिलिमीटर हे कार्डाचे माप दुकानदाराला सांगावे, नाहीतर सैल पिशवीत कार्ड सरकते. घरी डबा नेणाऱ्याला प्लास्टिकची पिशवी सक्तीची आहे, कारण ‘बाई, डेक भिजलो’ हे मी एकाच आठवड्यात तीनदा ऐकले आहे. दुपारी वीज गेली तर टेबले खिडकीशी ओढतो आणि खेळ चालू राहतो.

बाकीच्या गोष्टी प्रत्येक मुलांच्या उपक्रमाला लागू आहेत: पालकांचे लेखी संमतिपत्र आणि फोन क्रमांक, कक्षात नेहमी किमान दोन मोठी माणसे, दार उघडे, संमतीशिवाय छायाचित्र नाही.

सव्वापाचला मी खेळ थांबवते, मग डाव कितीही रंगात असो. शेवटची पंधरा मिनिटे मोजणीची असतात. प्रत्येक मूल आपल्या डब्यातले पत्ते दहा-दहाचे सहा ढीग करून मोजते, शेजाऱ्याकडून मोजून घेते आणि नोंदवहीत ‘६०’ लिहून सही करते. एखाद्या डब्यात ५९ भरले तर आधी बाकाखाली पाहतो, मग समोरच्याच्या डब्यात. तिथेही सापडले नाही तर त्या डब्यापुढे ‘१ बाकी’ एवढेच लिहिते, नाव लिहीत नाही. आजवर हरवलेली बहुतेक कार्डे पुढच्या रविवारी कोणाच्या तरी खिशातून, कधी धुतल्या चड्डीच्या खिशातून लगदा होऊन, परत आली आहेत.