मुंबईहून एका दिवसात माथेरान: वाटाड्या कुठे ठरवावा, दिवस कसा लावावा

माथेरानला एका दिवसासाठी निघालेल्या माणसाला तीन सल्ले हमखास मिळतात: नेरळहून मिनी ट्रेनने चढा, बारा पॉइंट करा आणि सूर्यास्त बघूनच उतरा. मुक्कामाला जाणाऱ्यांनी हे तिन्ही जरूर करावं. सकाळी घरून निघून रात्री घरी परतणाऱ्याचा दिवस मात्र यांतल्या एकेका सल्ल्याने वाया जातो. मी माथेरानला बऱ्याचदा जाते, बहुतेक वेळा पाहुण्यांना घेऊन, आणि आता तोच एक क्रम पाळते.

आधी वार

शनिवार-रविवार टाळा. सुटीच्या दिवशी दस्तुरीचा, म्हणजे जिथे गाड्या थांबवाव्या लागतात त्या नाक्यावरचा, वाहनतळ भरतो, गाड्या खालीच अडवतात आणि नेरळच्या घाटात तासन्‌तास रांग लागते. मधल्या वारी हेच गाव निवांत असतं. ऑक्टोबर ते मे कधीही जा. पावसाळ्यात धुकं इतकं दाट असतं की कड्यावर उभं राहूनही दरी दिसत नाही. पावसातलं माथेरान सुंदरच असतं, पण दऱ्या बघायच्या असतील तर तो काळ नाही.

नेरळपर्यंत

पहाटेची कर्जत लोकल. दादर, ठाणे, कल्याण, जिथून जवळ पडेल तिथून. साडेआठच्या आत नेरळला उतरायचं. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल धरावी. भिवपुरी रोडच्या पुढचं स्टेशन नेरळ.

मिनी ट्रेनचं काय करायचं

नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने ती बांधली. रूळ दोन फूट रुंदीचे आणि अंतर साधारण एकवीस किलोमीटर. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत ती अडीच तासांहून जास्त वेळ चढत राहते. फेऱ्या मोजक्या, डबे छोटे, पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद. एका दिवसाच्या सहलीतले सकाळचे अडीच तास, आणि ती गाडी मिळेपर्यंतची वाट वेगळीच, हा हिशेब बसत नाही.

गाडीत बसायची हौस मीही सोडत नाही. पण ती अमन लॉज ते माथेरान या शटलने भागवते. तेच छोटे डबे, तीच लाल माती, तीच झाडी, आणि वीसेक मिनिटांत बाजारात. म्हणून नेरळ स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी घ्या आणि वीस-पंचवीस मिनिटांत दस्तुरी नाका गाठा. घाट वळणावळणाचा आहे. गाडी लागणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवा.

दस्तुरी नाका

दिवस इथे ठरतो, आणि इथलं गणित नीट जमायला मला बराच काळ गेला.

दस्तुरीच्या पुढे मोटारगाडी जात नाही. केंद्र सरकारने २००३ साली माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. वाहनबंदी त्याच्याही कितीतरी आधीपासूनची. त्यामुळे टॅक्सीतून उतरलात की समोर अनोळखी जागा, हातात पिशव्या, सोबत कंटाळलेली मुलं, आणि भोवती पाच-सहा जण एकदम बोलायला लागलेले. "आज गाडी बंद आहे." "बाजार लई लांब आहे, चालवायचं नाही." "आत काहीच मिळणार नाही, इथूनच घोडा घ्या, सगळे पॉइंट करून देतो." यांतलं किती खरं हे त्या क्षणी तुम्हाला कळायला मार्ग नसतो, आणि सौदा तिथेच होऊन जातो. या दिशाभूलीचा त्रास खुद्द माथेरानकरांनाही इतका झाला की मार्च २०२५ मध्ये त्यांनी तिच्याविरोधात बेमुदत बंद पुकारला होता.

माझं मत पक्कं आहे: वाटाड्या दस्तुरीवर ठरवू नका. बाजारात जाऊन ठरवा.

नाक्यावर फक्त दोन गोष्टी करा. नगरपरिषदेचा प्रवासी कर भरून पावती खिशात ठेवा. मग कोणालाही उत्तर न देता सरळ अमन लॉज स्टेशनकडे चालू लागा. काही मिनिटांचंच अंतर आहे. पुढची शटल किती वाजता आणि तिकीट आहे का, हे तिकीट खिडकीवर स्वतः विचारा. ती खिडकी सोडून दुसऱ्या कोणाचंही उत्तर धरू नका. तिकीट मिळालं तर बसा. नाही मिळालं तर चाला. दस्तुरी ते बाजार वाट अडीच-तीन किलोमीटरची आहे, सावलीतून जाते आणि फारसा चढ नाही. पाऊण तासात माणूस आरामात पोचतो. सोबत आजी-आजोबा असतील आणि गाडीही नसेल, तर त्यांच्यापुरता घोडा किंवा ई-रिक्षा फक्त बाजारापर्यंत ठरवा. हातरिक्षांच्या भरवशावर बेत आखू नका. माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला आहे, आणि तो योग्यच आहे.

मुंबईहून गाडी आणि गाइड असं पॅकेज घेऊन येणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा: गाइड दस्तुरीच्या आत, पॉइंटपर्यंत आमच्यासोबत चालणार का? पुष्कळदा "गाइड" म्हणजे गाडीचा चालक असतो आणि तो गाडीपाशीच थांबतो. मग आत वेगळा वाटाड्या घ्यावा लागतो आणि त्याचे पैसेही वेगळे. स्पष्ट "हो" मिळालं नाही तर असलं पॅकेज घेऊ नका. लोकल आणि शेअर टॅक्सी त्याहून कितीतरी स्वस्त पडते.

वाटाड्याशी बोलणं

बाजारात पोचलात की आधी चहा घ्या. ही सूचना मी गंभीरपणे देते, कारण दमलेला माणूस भाव नीट करत नाही. चहा देणाऱ्यालाच विचारा की पायी फिरवणारं कोणी आहे का. घोडेवालेही जवळच असतात, आणि त्यांच्यातले कितीतरी जण घोड्याशिवायही वाट दाखवायला येतात. डोंगराची माहिती त्यांच्याइतकी कोणाला नसते.

सौदा कधीही पॉइंटांच्या आकड्यावर करू नका. "सात पॉइंट", "बारा पॉइंट" या बोलीत ग्राहकाच्या हाती काहीच लागत नाही. माथेरानच्या कड्यावर पॉइंट दाटीवाटीने आहेत. लॉर्ड, सेलिया, इको यांच्यासारखे पॉइंट थोड्याथोड्या पावलांवर येतात आणि बऱ्याच ठिकाणांहून तीच दरी किंचित वेगळ्या कोनातून दिसते. बारा आकडा भरायला फार वेळ लागत नाही. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं, एक फोटो, "चला पुढं". भाव वेळेवर करा आणि ठिकाणं नावाने सांगा. मी साधारण अशी बोलते:

"दादा, आम्ही चौघं, पायीच. अलेक्झांडर, वन ट्री हिल, शार्लोट लेक, इको, लुईसा. पॅनोरमा नको. मध्ये बसत बसत जाणार, घाई नाही. अडीच-तीनपर्यंत परत इथंच, बाजारात. सगळे मिळून किती?"

एवढ्या बोलण्यात सगळं येतं: किती माणसं, पायी की घोड्यावर, कुठे कुठे, किती वेळ, शेवट कुठे आणि एकूण रक्कम. "सगळे मिळून" हे शब्द गाळू नका. ते गाळले की संध्याकाळी माणशी की एकूण, जाण्याचे की जाऊन-येऊन, थांबण्याचे वेगळे की नाही, असले प्रश्न निघतात. आकडा ऐकला की तो तुमच्या तोंडाने पुन्हा म्हणा आणि त्याच्याकडून "हो" घ्या. पैसे निम्मे आधी मागितले तरी देऊ नका. परतल्यावर बाजारात पूर्ण द्या. आणि ठरलेली रक्कम देताना पुन्हा घासाघीस करू नका. या माणसांचं वर्षाचं उत्पन्न थोड्या महिन्यांवर अवलंबून असतं. नीट फिरवलं असेल तर वर थोडे जास्तच द्यावेत, असं मला मनापासून वाटतं.

घोडा घ्यायचाच असेल तर त्याचा परवाना क्रमांक विचारा आणि फोनमध्ये टिपून ठेवा. दरफलक बघा. खोगिराखाली जखम आहे का, घोडा लंगडतोय का, हे बघितल्याशिवाय बसू नका. मुलाला हेल्मेट हवंच, आणि मुलाच्या घोड्याचा लगाम पूर्ण वेळ माणसाच्या हातात हवा. एक जण तीन-तीन घोडे हाकत मागून येणार असेल तर नकार द्या. "घोडा चालतच न्यायचा, पळवायचा नाही" हे निघतानाच बजावा. वाटेवर सुटे दगड आणि झाडांची मुळं आहेत, आणि घोडा बुजला तर नवख्या माणसाला सावरता येत नाही. घोड्यावर फेरी मारायला मजा येते हे मान्य, पण गाव बघायला पायीच बरं. घोड्यावरून निम्मा वेळ आपण तोल सांभाळण्यातच घालवतो.

कोणती वाट

दक्षिणेची फेरी घ्या. पॅनोरमा पॉइंट अप्रतिम आहे, तिथून पेबचा किल्ला आणि नेरळकडचा सगळा उतार दिसतो. पण तो पार उत्तरेच्या टोकाला आहे, जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो. तो मुक्कामाच्या पहाटेसाठी राखून ठेवा.

वन ट्री हिलवर वाटाड्याला चौक गाव दाखवायला सांगा. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये खालच्या चौकाहून याच बाजूने वर चढले, आणि तिथून माथेरानचं थंड हवेचं ठिकाण होणं सुरू झालं. इंग्रजांच्या कागदात माथेरान तेव्हा आलं. ठाकर, धनगर, कातकरी मात्र या डोंगरात आधीपासून वावरत होते, आणि चांगल्या वाटाड्याकडे त्यांच्या पायवाटांच्या गोष्टी असतात. त्या मागून ऐका. पॉइंटची इंग्रजी नावं पाटीवर वाचता येतात. कुठलं झाड पिसा, कुठलं अंजनी, शेकरूचं घरटं कसं ओळखायचं, हे पाटीवर नसतं. तेवढ्यासाठी तर माणूस सोबत घ्यायचा.

शार्लोट लेकपाशी अर्धा तास थांबा. गावाच्या पिण्याच्या पाण्याचा हा तलाव आहे, त्यात उतरायचं नाही. काठावर पिसरनाथाचं देऊळ आहे; माथेरानचं हे ग्रामदैवत. पुढे लुईसावरून समोर प्रबळगडाचा पसारा दिसतो. दुपारच्या फेरीतली माझी सगळ्यात आवडती जागा हीच.

कठड्याच्या पलीकडे पाऊल टाकू नका, फोटोसाठी तर नाहीच. माथ्यावरचा जांभा कडेला भुसभुशीत असतो आणि वरून घट्ट दिसणारा दगडही सुटतो. वाटाड्या "इथून चांगला येतो" म्हणाला तरी नको म्हणा.

खाण्याची पिशवी हातात धरू नका, सॅकमध्ये ठेवा; माकडं ओढून नेतात. जेवण बाजारात, फेरीनंतर. चिक्की आणि चपला सगळ्यात शेवटी घ्या, नाहीतर दिवसभर वाहाव्या लागतात.

परतीचं

सूर्यास्त सोडा. पॉर्क्युपाइन पॉइंटचा सूर्यास्त खरंच बघण्यासारखा आहे, पण तो बघून एका दिवसात घर गाठायचं म्हणजे बाजारापर्यंतची वाट अंधारात, मग दस्तुरीपर्यंतची वाट अंधारात, आणि खाली टॅक्सीसाठी तुमच्याआधीच उभी असलेली गर्दी. मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असताना हे करू नका.

साडेतीनच्या सुमारास माथेरान स्टेशनवर परतीच्या शटलची वेळ बघा. सकाळी उतरतानाच वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवला असेल तर उत्तम. शटल चुकली तर थांबून न राहता चालायला लागा, कारण उजेड असेपर्यंत ही वाट सोपी आहे. पाचपर्यंत दस्तुरी, साडेपाचपर्यंत नेरळ. शेअर टॅक्सी भरल्याशिवाय सुटत नाही. तुम्ही तिघं-चौघं असाल तर उरलेल्या सीटचे पैसे आपणच भरून लगेच निघणं परवडतं. टॅक्सीचं भाडं भागवायला रोख पैसे जवळ असू द्या, घाटात आणि वर फोनची रेंज भरवशाची नाही. नेरळला मुंबईकडची लोकल कर्जतहून येते आणि संध्याकाळी तिच्यात जागा असते. परतीचं तिकीट मात्र सकाळीच काढून ठेवा, म्हणजे खिडकीवरच्या रांगेपायी समोरची लोकल सुटत नाही.