तेलातलं पाणी मोजताय? कार्ल फिशर टायट्रेशनमधल्या या चुका टाळा

एकाच डब्यातलं शेंगदाणा तेल, तीन वेळा तपासलं आणि निकाल आले ०.०४, ०.०७ आणि ०.०३ टक्के. कार्ल फिशर टायट्रेशनमध्ये पाण्याशी अभिक्रिया होताना किती आयोडिन लागलं, त्यावरून पाणी मोजतात. निकाल असे इकडे-तिकडे आले की सगळे आधी मशीनकडे संशयाने बघतात. मशीन बिचारं बहुतेकदा निर्दोष असतं. रिफाइंड तेलात ओलावा वजनाने ०.१० टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे १ ग्रॅम तेलात पाणी जेमतेम १ मिलिग्रॅम. एवढंसं मोजायचं म्हटलं की हवा, बाटली, सिरिंज सगळ्यांनाच त्यात आपला वाटा घालायचा असतो.

सर्वात मोठी चूक भांड्यातच दिसते, फक्त बघायला हवं. तेल नुसत्या मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. त्याचे बारीक थेंब होतात, द्रव दुधाळ दिसतो आणि थेंबांच्या आतलं पाणी आयोडिनपर्यंत वेळेत पोचतच नाही. मशीन 'एंड पॉइंट', म्हणजे पाणी संपलं, असं जाहीर करतं, आकडा कमी येतो आणि राहिलेलं पाणी हळूहळू बाहेर पडून पुढच्या सॅम्पलचा ड्रिफ्ट (दर मिनिटाला भांड्यात येत राहणारं जास्तीचं पाणी) वाढवतं. म्हणून मिथेनॉलच्या जोडीला क्लोरोफॉर्म किंवा डेकॅनॉलसारखं लांब साखळीचं अल्कोहोल लागतं. मग काही जण उत्साहात क्लोरोफॉर्मच जास्त ओततात. तेही चूक. मिथेनॉल इथे फक्त सॉल्व्हंट नाही, अभिक्रियेत त्याचा स्वतःचा भाग आहे. त्याचं प्रमाण साधारण पाव हिश्शाच्या खाली गेलं की एक रेणू पाण्याला एक रेणू आयोडिन हा हिशेबच बिघडतो. निम्मं-निम्मं मिश्रण घ्या आणि निश्चिंत व्हा. दोन-तीन सॅम्पलनंतर भांडं गढूळ दिसू लागलं तर सॉल्व्हंट बदला. सॉल्व्हंट वाचवण्याच्या नादात दिवसभराचे निकाल वाया गेलेले मी पाहिले आहेत.

दुसरी चूक म्हणजे सॅम्पल कमी घेणं. गणित करून बघा. ०.०५ टक्के ओलाव्याचं १ ग्रॅम तेल घेतलं तर त्यात पाणी ०.५ मिलिग्रॅम. टायट्रंट (आयोडिनचं द्रावण) मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम पाणी पकडणारा असेल, तर ब्युरेटमधून जाणार फक्त ०.१ मिलिलिटर! शेवटी ०.०१ मिलिलिटर इकडे-तिकडे झालं तरी १० टक्के चूक. त्याऐवजी १० ग्रॅम तेल आणि २ मिलिग्रॅमचा टायट्रंट घेतला, तर २.५ मिलिलिटर लागतं आणि तेवढ्याच फरकाची चूक अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. कूलोमेट्रिक मशीन असेल तर तिथे ब्युरेटच नाही, आयोडिन विजेवर तयार होतं. त्यामुळे १-२ ग्रॅम पुरतं.

ड्रिफ्टचंही तसंच. मिनिटाला २० मायक्रोग्रॅम ड्रिफ्ट आणि ३ मिनिटांचं टायट्रेशन, म्हणजे ६० मायक्रोग्रॅम पाणी बाहेरचं. १ ग्रॅम तेलातल्या ५०० मायक्रोग्रॅमपुढे ते १२ टक्के, १० ग्रॅममधल्या ५ मिलिग्रॅमपुढे जेमतेम १.२ टक्के. ड्रिफ्ट करेक्शन चालू ठेवाच, पण ड्रिफ्ट सतत चढत असेल तर कारण शोधा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पहिला संशयित ठरलेला: ड्रायिंग ट्यूबमधलं मॉलिक्युलर सिव्ह (ओलावा शोषणारे दाणे). ते ओलं झालं की नुसतं शोभेला उरतं. दुसरा संशयित म्हणजे सुया टोचून चाळण झालेला सेप्टम (भांड्याचं रबरी बूच).

तिसरा संशयित कुणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे ॲसिटोन. इलेक्ट्रोडवर तेलाचा थर बसला की एंड पॉइंट उशिरा कळतो, भांड्यातला फिकट पिवळा रंग गडद तपकिरी होतो. थर काढायला ॲसिटोन वापरतात, पण ते राहून गेलं तर मिथेनॉलशी अभिक्रिया होऊन नवं पाणी तयार होतं. म्हणजे पाणी आपणच बनवायचं आणि आपणच मोजायचं! इलेक्ट्रोड आधी क्लोरोफॉर्मने आणि शेवटी मिथेनॉलनेच धुवा.

टायटर (एक मिलिलिटर टायट्रंट किती पाणी पकडतो तो आकडा) रोज काढा, ओल्या हवेत तो उतरतो. मात्र त्यासाठी वापरतात ते ठरावीक पाणी असलेलं सोडियम टार्ट्रेट क्लोरोफॉर्मवाल्या मिश्रणात नीट विरघळत नाही. तिथे नीट तोलून घेतलेलं द्रव वॉटर स्टँडर्ड बरं.

आता बाटली. पाणी तळाशी बसतं, त्यामुळे वरचं तेल ओतून घेतलं तर आकडा नेहमीच गोड येतो. थंडीत थिजलेलं खोबरेल तर बंद बाटलीतच कोमट करून, पूर्ण वितळल्यावर हलवून मग घ्यावं. सिरिंज भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोला. उघड्या बीकरमध्ये तोलाल तर पावसाळा फुकटात सॅम्पलमध्ये उतरेल.

तेल ओव्हनमध्ये तापवून वजनातल्या घटीवरून काढलेल्या आकड्याशी जुळत नाही म्हणून घाबरू नका. ओव्हनमध्ये पाण्याबरोबर इतर उडणारे पदार्थही जातात, आणि जवसासारखं तेल तर ऑक्सिजन घेऊन वजनात वाढतं. 'जवसात दुहेरी बंध इतके, मग कार्ल फिशरचं आयोडिनही खाईल ना?' असं नवे केमिस्ट विचारतात. साधं आयोडिन दुहेरी बंधांना फार हळू चिकटतं, म्हणून तर आयोडिन व्हॅल्यू (तेलातल्या दुहेरी बंधांचं माप) काढायला विज सोल्यूशनचं आयोडिन मोनोक्लोराइड लागतं. जवसाचा आकडा जास्त आला तर दुहेरी बंध सोडा, आधी सिव्ह बघा.