कॉम्प्रेसर लावताना लेव्हलच्या या चुका टाळा

गणपती जवळ आले की नाशिकच्या छोट्या स्टुडिओंमध्ये ढोल-ताशा आणि गाणं एकाच सेशनमध्ये येऊन बसतं. असं मिक्स बिघडलं की सगळे कॉम्प्रेसरची, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनाची, रेशो (किती दाबायचं) आणि अटॅकची (किती लवकर दाबायचं) बटणं फिरवत बसतात. दोष बहुतेक वेळा कॉम्प्रेसरमध्ये जाणाऱ्या किंवा त्यातून बाहेर पडणाऱ्या लेव्हलमध्ये असतो.

मीटर दाखवेल तेवढा मेकअप गेन देणं

मेकअप गेन म्हणजे दाबल्यानंतर आवाज परत वाढवणं. सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होतं. थ्रेशोल्ड (ज्याच्या वरचा आवाज दाबला जातो ती पातळी) उणे २० डीबी (डेसिबल), रेशो ४:१ (वरच्या ४ डीबीतला १ उरतो) आणि ढोलाचा ठोका उणे १२ वर आला असं धरा. ठोका थ्रेशोल्डच्या ८ डीबी वर गेला, त्यातले २ उरले, ६ दाबले गेले. मीटरवर ६ दिसले म्हणून मेकअपही ६ दिला जातो. पण दाबला गेला फक्त ठोका. दोन ठोक्यांमधली घुमक थ्रेशोल्डच्या खालीच होती, ती मात्र ६ डीबीने वर आली. ट्रॅक एकूण मोठा झाला, आणि मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. कॉम्प्रेशन जमलं असा समज होतो तो इथेच.

म्हणून आधी ऑटो मेकअप बंद करा. गाण्यातला सर्वांत भरलेला १०-१५ सेकंदांचा भाग लूपवर ठेवा. बायपास (कॉम्प्रेसर वगळून ऐकवणारं बटण) चालू-बंद करत, स्क्रीनकडे न पाहता, दोन्ही आवाज सारखे मोठे वाटेपर्यंत मेकअप हलवा. ढोलासारख्या वाद्याला ६ डीबी दाबल्यावर २-३ डीबीपासून सुरुवात करा. पीक मीटरवर (आवाजाची क्षणिक टोकं दाखवणारं) जुळवू नका, कारण कॉम्प्रेसर आधी पीकच कमी करतो. एलयूएफएस मीटरवर (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजणारं) अर्ध्या डीबीच्या आत फरक आला की मगच ठरवा, सेटिंग ठेवायचं की काढायचं.

फेडरने कॉम्प्रेशन कमी करायला जाणं

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये इन्सर्ट, म्हणजे कॉम्प्रेसर बसवायची जागा, फेडरच्या (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) आधी असतो. फेडर कितीही खाली आणा, कॉम्प्रेसर तेवढंच दाबत राहतो. गायक अंतऱ्यात माइकजवळ सरकला आणि गेन रिडक्शन (किती डीबी दाबलं ते) ३ वरून १० वर उडी मारू लागलं, तर तेवढ्या ओळींचा क्लिप गेन (रेकॉर्डिंगच्या तुकड्याची कॉम्प्रेसरच्या आधीची लेव्हल) ३-४ डीबी खाली घ्या. सरासरी उणे १८ डीबीएफएसच्या (डिजिटल कमाल पातळीपासून मोजलेले डीबी) आसपास, पीक उणे १० ते उणे ६ अशी लेव्हल आधी बसवा आणि मगच थ्रेशोल्ड ठरवा. नंतर अख्ख्या ट्रॅकचा क्लिप गेन बदललात तर थ्रेशोल्डही पुन्हा लावावा लागेल.

बसवर, म्हणजे अनेक ट्रॅक एकत्र येतात त्या मार्गावर, याच्या उलट घडतं. तिथल्या कॉम्प्रेसरला ट्रॅकच्या फेडरमधूनच आवाज जातो. त्यामुळे गाणं २ डीबी वर नेलं की ढोल मागे सरकतो आणि आपण ढोलही वर नेतो. असं करत करत सगळे फेडर वर जातात, मिक्स मात्र मोठं न होता चेपत जातं. सगळे ट्रॅक एकत्र निवडून सारखे खाली आणा. बसवर १-२ डीबी रिडक्शन पुरे.

ठोका हरवला म्हणून लेव्हल वाढवणं

अटॅक १ मिलीसेकंद असेल तर टिपरूचा (ढोल वाजवायची काडी) कडक आवाज सुरुवातीलाच चिरडला जातो. फेडरने तो परत येत नाही, नुसती घुमक वाढते. अटॅक २०-३० मिलीसेकंद करा. रिलीज (दाबणं सोडायला लागणारा वेळ) ८० ते १५० मिलीसेकंदांच्या दरम्यान असा ठेवा की पुढच्या ठोक्याआधी मीटर शून्यावर येईल. ढोल आणि ताशा एकाच ग्रुपमध्ये असतील आणि प्रत्येक ठोक्याला ताशा दबत असेल, तर कॉम्प्रेसरच्या साइडचेनमध्ये (कधी दाबायचं हे ठरवायला तो ऐकतो तो आवाज) १०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा खर्ज गाळणारा फिल्टर) लावा. ढोलाचा खर्ज आवाजात तसाच राहतो, फक्त कॉम्प्रेसर त्याच्यामुळे दचकत नाही.

मागचा आवाज विसरणं

गोदाघाटावर रेकॉर्ड केलेल्या भजनाला ८ डीबी मेकअप दिला की घंटा, भोंगे आणि गर्दीही ८ डीबीने वर येतात. दोन कडव्यांमधल्या मोकळ्या जागा कॉम्प्रेसरच्या आधीच हाताने १०-१२ डीबी खाली घ्या. पूर्ण कापू नका, नाहीतर गाणं सुरू होताना मागचा घाट एकदम उघडल्यासारखा ऐकू येतो.